नवव्या वर्षी बारसं

माझं बारसं मला स्वच्छ आठवतं. असं म्हणणारं माणूस तुम्हाला सहसा भेटणार नाही, कारण ज्याचं बारसं असतं ते त्या दिवशी दुपट्यात गुंडाळलेलं असतं. मी नऊ वर्षांची होते, आणि हिरव्या परकराची नाडी इतकी घट्ट बांधली होती की घुगऱ्या खाताना श्वास पुरत नव्हता. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये पंचवीसेक माणसं जमली होती. बहुतेक सगळी बाबांसारखी मोटारीच्या कारखान्यात नोकरीला असलेली मराठी मंडळी आणि त्यांच्या बायका. बारशाला जाताना नेतात तशाच भेटी सगळ्यांनी आणल्या होत्या. एका बाईंनी खुळखुळा आणला होता. माझ्या हातात तो देताना त्यांना स्वतःलाच हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि त्या दिवसात मी हसले ती तेवढीच.

पुढे जाण्याआधी एक सांगून टाकते. मी जिच्या पोटी जन्मले ती माय आणि जिनं मला आणलं ती आई. हे दोन शब्द मी जन्मभर वेगळे ठेवले आहेत, तेव्हा इथंही तसंच लिहीन. माय बीडकडच्या एका वीटभट्टीवर कामाला होती. कागदावर माझं नाव कौसल्या होतं, पण कागदांशी माझी गाठ फार नंतर पडली. माय मला कौशी म्हणायची. भट्टीच्या त्या टोकावरून ‘कौशेऽऽ’ अशी हाक यायची आणि मी असेन तिथून पळत सुटायचे, कारण हाक आली म्हणजे भाकरी आली. मी सहा वर्षांची असताना माय तापानं गेली. पुढची तीन वर्षं मी अनाथ मुलींच्या संस्थेत काढली, चाळीस मुलींमध्ये. मायचा फोटो माझ्याकडे नाही, तिच्या लुगड्याची चिंधीसुद्धा नाही. चेहराही आता नीट आठवत नाही, खोटं कशाला बोलू. आठवते ती हाक.

संस्थेतली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात मंगल नावाची मुलगी होती, माझ्याहून वर्षाने मोठी. तिला परदेशातल्या एका जोडप्यानं नेलं होतं. गेली तेव्हा आम्ही सगळ्या फाटकापर्यंत हात हलवत गेलो होतो. आठ महिन्यांनी ती परत आली. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिच्या पायांत छान पांढरे बूट होते, आणि ती ते काढायलाच तयार नव्हती, झोपतानाही नाही. कुणी काही विचारलं तर भिंतीकडे तोंड करून बसायची. पोरी दुष्ट असतात, आम्ही तिला ‘परत आलेली’ म्हणायचो. मीही म्हणायचे. म्हणून आई-बाबा मला न्यायला आले, तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं होतं. काय वाट्टेल ते होवो, परत यायचं नाही.

झिंडेलफिंगेनची पहिली सकाळ आवाजानं सुरू झाली. गडगडगड असं काहीतरी घसरत गेलं आणि मी ताडकन उठून बसले. मला वाटलं, विटांचा ट्रक रिकामा होतोय. खिडकीवरचं प्लास्टिकचं शटर आई पट्ट्यानं वर ओढत होती, आणि बाहेर सगळं पांढरं होतं. त्या इमारतीत आवाज फार कमी, म्हणून प्रत्येक आवाज ठसठशीत. सहाला खालच्या फ्राउ हेर्मानबाईंचं शटर, साडेसहाला बाबांची चावी, मग चर्चची घंटा, आणि आठवड्यातून एकदा जिन्यावर झाडूचा खरखराट. जिना झाडायची पाळी घराघराला येते तिथं, त्याला केरवोखे म्हणतात. शब्दात केर होता म्हणून मी शिकलेला तो पहिला जर्मन शब्द. आमची पाळी आली की मी झाडू घेऊन तळमजल्यापर्यंत झाडत जायचे. आई म्हणायची, “अगं, तू नको करूस, तुला कामाला आणलंय का?” मला मात्र तेवढ्या वेळेत बरं वाटायचं. झाडणाऱ्याला कुणी हाकलत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

आई माझ्याशी फार चांगली वागली. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे वाचून तुम्ही तिला बोल लावाल. माझ्या केसांत उवा होत्या. फार्मसीतला जर्मन फवारा आणायच्या आधी तिनं सलग चार दिवस मला दोन गुडघ्यांत धरून बारीक फणीनं त्या काढल्या, एकदाही ‘शी’ म्हणाली नाही. खाईन तर भाकरीच, पाव नको, म्हणून मी हट्ट धरला तर ती तुर्की दुकानात जाऊन ज्वारीचं पीठ शोधत बसली. ते मिळालं नाही तेव्हा राय नावाच्या तिथल्या धान्याच्या पिठाची भाकरी थापायला गेली, ती तव्याला अशी चिकटली की बाबांनी उलथन्यानं खरवडून काढली आणि “आल्झो, तर मग, ही आपली नवी डिश,” म्हणून खाल्ली. क्वार्क म्हणून एक दही मिळतं तिथं, त्याचं ती श्रीखंड करायची. मला श्रीखंड माहीतच नव्हतं. पहिल्या घासाला मी वाटी पाठीमागे लपवली, आणि तिनं न बोलता दुसरी वाटी भरून समोर ठेवली.

तर बारसं. नाव बदलायचं ही गोष्ट माझ्यासमोर कधी बोलली गेली नाही, पण घर लहान होतं. स्वयंपाकघरातलं सगळं मला ऐकू यायचं. बाबा म्हणत होते, “अगं, संस्थेतल्या बाईंनी सांगितलंय ना, नाव एवढ्यात बदलू नका म्हणून. नऊ वर्षांची आहे ती. कौसल्या काय वाईट आहे?”

“वाईट कोण म्हणतंय? पण अहो, घरात नवं माणूस आलं की त्याला आपल्या घरचं नाव द्यायचं, हे काय आपण आज काढलंय? मी नाही आले? तांदळात अंगठीनं तुम्हीच लिहिलंत शुभांगी. होते की मी पुष्पा तेवीस वर्षं. मेले का मी?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

मग बराच वेळ नळ चालू होता, आणि आई म्हणाली, “बारा वर्षं ते नाव घरात पडून आहे. त्याला कुणीतरी हाक मारू दे मला.” हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. नाव घरात पडून कसं असतं, मला वाटलं, ते कुठल्यातरी कपाटात असेल. मी दुसऱ्या दिवशी दोन कपाटं उघडून पाहिली, हे सांगायला लाज वाटते, पण पाहिली.

पाळणा एका शेजाऱ्यांच्या तळघरातून आणला होता. माझा एक पायही त्यात मावला नसता, म्हणून पाळण्यात नारळ ठेवला आणि मला शेजारी पाटावर बसवलं. बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलं, पाळण्याच्या खालून-वरून नारळ फिरला. आत्या पुण्यात, म्हणून त्सुफेनहाउझेनच्या कुलकर्णीकाकू आत्या झाल्या. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून ‘कुर्रर्र’ केलं आणि नाव सांगितलं: इरा. चारी बाजूंनी पाठीत हलके धपाटे बसले, सगळ्या हसत होत्या. मग आईनं एक छोटी डबी आणली. तिच्यात चांदीचे वाळे होते, तान्ह्या बाळाच्या मनगटाचे, रुपयाएवढे. ते माझ्या चार बोटांतही जाईनात. आईनं दोन-तीनदा प्रयत्न केला, मग लाल दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधले. बांधताना तिची गाठ दोनदा सुटली. मला वाटलं, आनंदानं हिला सुचत नाहीये. आनंदच होता तो, पण नुसता आनंद नव्हता.

आता सगळे मला इरा म्हणू लागले. शाळेतल्या बाईंनाही आईनं जाऊन सांगितलं. अडचण एकच होती, इरा म्हणून कुणी हाक मारली की मी वळूनच पाहायचे नाही. मुद्दाम नाही हो, देवाशपथ. मला कळायचंच नाही की मलाच बोलावतायत. आई स्वयंपाकघरातून दोन-तीनदा हाका मारायची, मग हात पुसत यायची आणि माझ्या खांद्यावर बोटं टेकवून म्हणायची, “इरू, तुला बोलावतेय गं.” चिडायची नाही. तिला वाटायचं, होईल सवय. तिला स्वतःला झालीच होती. पण कधीकधी पुण्याहून मामांचा फोन यायचा, आणि पलीकडून ‘पुष्पे’ असं मोठ्यांदा ऐकू यायचं. तेव्हा आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची, मोठमोठ्यानं हसायची, तिचा आवाजच पालटायचा. फोन ठेवला की पाय खाली, आणि परत शुभांगी. मी कोपऱ्यात बसून ते बघायचे. मला बोलावणारा फोन कुठून यायचा नव्हता.

तळमजल्यावरच्या फ्राउ हेर्मान एकट्या होत्या, नवरा वारलेला. आठवड्यातून दोन दुपारी त्या फ्रीडहोफला, म्हणजे तिथल्या कबरस्तानात, नवऱ्याच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालायला जायच्या. झारी जड, गुडघे दुखरे, म्हणून त्यांनी आईला विचारून मला सोबत न्यायला सुरुवात केली. आई एक क्षण अडखळली, पण नाही म्हणायला कारण काय सांगणार? फ्राउ हेर्मान दोनच वर्षांपूर्वी त्या इमारतीत आल्या होत्या, त्यांना जुनं काही माहीत नव्हतं. मला ती जागा आवडली. झाडं, पाण्याचा हौद, साखळीला टांगलेल्या हिरव्या झाऱ्या. मी नुकतीच जर्मन अक्षरं शिकत होते, आणि फ्राउ हेर्मान मला दगडांवरची नावं वाचायला लावायच्या. पुस्तकापेक्षा ते सोपं, अक्षरं मोठी आणि कोरलेली, बोट फिरवता येतं. प्रत्येक दगडावर दोन तारखा असायच्या. एक आल्याची, एक गेल्याची, असं त्यांनी बोटांनी खुणा करून शिकवलं. मी घरी येऊन आईला वाचलेली नावं म्हणून दाखवायचे, आणि आई लसूण सोलता सोलता मान खाली घालून ऐकायची.

बारशाला दीड महिना झाला असेल. फ्राउ हेर्मान बाकावर टेकल्या होत्या आणि मी झारी ठेवून फिरत फिरत कुंपणाच्या पलीकडच्या तुकड्यात गेले. तिथं रंगीत भिरभिरी लावलेली होती, छोट्या मोटारी, एक लाकडी बदक. मला वाटलं, मुलांची खेळायची जागा आहे. दगड लहान होते, जमिनीलगत, वहीएवढे. मी उकिडवी बसून वाचू लागले. एका दगडाशी मातीची पणती होती. पावसाचं पाणी भरलेलं तिच्यात, पण पणतीच. जर्मन माणूस पणती लावत नाही, एवढं मला कळत होतं. दगडावर तीनच अक्षरं होती, मी बोट ठेवून वाचली. इ, र, आ. खाली चार अक्षरं, आमच्या दारावरच्या पाटीवर होती तीच. गोरे. आणि त्याखाली एक तारीख. एकच.

तुम्ही मोठी माणसं आहात, तुम्हाला लगेच कळलं असेल. मला कळलं ते असं: आल्याची तारीख लिहिली आहे, गेल्याची लिहायची राहिली आहे. म्हणजे ही इरा अजून गेलेली नाही. म्हणजे हा दगड माझा. त्यांनी नाव दिलं त्याच वेळी दगडही करून ठेवला, आणि पणती लावून ठेवली. मी तिथंच ओकले. फ्राउ हेर्माननं रुमालानं माझं तोंड पुसलं, ऊन लागलं म्हणून आईला सांगितलं, आणि आईनं मला लिंबू-सरबत करून दिलं. मी ते प्यायले. आईला विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. ज्यानं आपल्यासाठी खड्डा खणलाय त्याला कुणी विचारतं का?

त्यानंतरचे चार महिने मी कशी जगले ते माझं मला माहीत. गंमत म्हणजे त्याच चार महिन्यांत मी तिला आई म्हणायला लागले. आधी काकू म्हणायचे. एका सकाळी ती वेणी घालत होती, कंगवा कानाला लागला आणि मी “आई गं” म्हणाले. ते नुसतं दुखलं म्हणून म्हटलं होतं. पण तिचे हात थांबले, मागून तिचा श्वास ऐकू आला, आणि मग मी ते तसंच पुढे चालू ठेवलं. तिच्या हाताखाली केस सोडून बसलं की डोळे मिटायला लागायचे, इतकं बरं वाटायचं. आणि त्याच वेळी डोक्यात दगड. माझा तिच्यावर जीव जडला होता आणि मला तिची भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम असू शकतं हे मला तेव्हापासून माहीत आहे.

शरद ऋतूत कोर्टाचं बोलावणं आलं. दत्तकाचे भारतातले कागद पूर्ण होते, पण इथल्या कोर्टाची मान्यता बाकी होती. आणि नाव बदलायचं तर मुलीला स्वतःला विचारायचं, तेही आई-बाबा खोलीत नसताना, अशी तिथली पद्धत. आई आठवडाभर अस्वस्थ होती. तिनं मला पढवलं नाही, एवढं म्हणेन. एकदाच माझी कॉलर नीट करता करता म्हणाली, “त्या विचारतील, तुला जे वाटेल ते सांग हं.” आणि तोंड फिरवून आत गेली.

न्यायाधीशबाईंची खोली साधी होती. टेबलावर चघळायच्या रंगीत गोळ्यांची वाटी, कोपऱ्यात लाकडी रेल्वे. दुभाषी म्हणून एश्बॉर्नहून एक मराठी ताई आल्या होत्या. न्यायाधीशबाई माझ्या उंचीला येण्यासाठी लहान स्टुलावर बसल्या आणि सावकाश बोलल्या. ताईंनी सांगितलं, “त्या म्हणतायत, तुझी दोन नावं आहेत, दोन्ही सुंदर आहेत. तुला कुठल्या नावानं हाक मारलेली हवी? तू काहीही सांगितलंस तरी तुझं घर तेच राहणार आहे. घाबरू नकोस.”

घाबरू नकोस असं मंगललाही सांगितलं होतं. मी वाटीतल्या गोळ्यांकडे बघत हिशेब केला, माझ्या अकलेप्रमाणे. कौशी म्हणाले तर मी यांची नाही, मग पांढरे बूट घालून परत. इरा म्हणाले तर तो दगड माझा. म्हणजे इथं मरायचं. पण कधी मरायचं ते अजून लिहिलेलं नव्हतं. तोवर वेणी होती, श्रीखंड होतं, सकाळी शटर ओढणारी आई होती. मी ठरवलं, परत जाण्यापेक्षा दगड बरा.

“इरा,” मी म्हणाले.

“नक्की?” ताईंनी विचारलं.

“मी इरा आहे.”

बाहेर बाकावर आई-बाबा बसले होते. ताईंनी त्यांना सांगितलं, आणि आईनं मला असं कवटाळलं की तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या माझ्या गालात रुतल्या. ती हुंदके देऊन रडत होती. कोर्टाच्या व्हरांड्यात जर्मन लोक वळून बघत होते, पण तिला भान नव्हतं. बाबा मात्र माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. स्टेशनजवळ त्यांनी मला ब्रेझेल, तिथला वेटोळ्याचा खारा पाव, घेऊन दिला, आई दोन पावलं पुढे होती, तेव्हा हळूच विचारलं, “नक्की ना गं, बाळा?”

“गेनाऊ,” मी म्हणाले, म्हणजे अगदी नक्की, त्यांच्यासारखंच. ते हसले नाहीत. पुन्हा कधी विचारलंही नाही.

ती कोर्टाची गोष्ट मग आमच्या घरची गोष्ट झाली. दर गणपतीला, दर दिवाळीच्या फराळाला, घरी नवं कुणी आलं की आई सांगायची. “जजनं विचारलं, बघा, एवढीशी पोर, आणि काय म्हणाली असेल? मी इरा आहे! आम्ही शिकवलं नव्हतं हो.” लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी पोहे फिरवत असायचे. एकेकदा मला वाटायचं, ताट तिथंच आपटावं आणि सांगावं. पण सांगणारीचा चेहरा बघितला की धीर व्हायचा नाही. बाई एवढी खूष आयुष्यात दुसऱ्या कशानं झाली नव्हती.

खरं काय ते मला तेराव्या वर्षी कळलं. शाळेच्या कुठल्याशा कामासाठी जन्माचे कागद काढताना कुटुंबाच्या नोंदींची पुस्तिका हाती लागली. तिच्यात एक पान होतं. इरा गोरे, मृत जन्मलेली. तेव्हा समजलं की दुसरी तारीख लिहायची राहिली नव्हती. येणं आणि जाणं एकाच दिवशी झालं होतं. मी ते पान मिटलं आणि जिन्यात जाऊन बसले. भीती गेली, म्हणजे जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. आजवर मला वाटत होतं की माझा दगड तयार आहे, आता कळलं की हाकसुद्धा माझी नाही. आई ‘इरू’ म्हणते तेव्हा ती कुणाला म्हणते, हे मला त्या दिवसापासून नीटसं ठरवता आलं नाही. दर गुरुवारी ती योगाच्या क्लासला जायची. तिच्याकडे योगाची चटई नव्हती, पिशवीत वात आणि काडेपेटी असायची, हे त्याच वर्षी माझ्या लक्षात आलं. तिनं मला सांगितलं नाही आणि मला माहीत आहे हे मी तिला सांगितलं नाही. सत्तावीस वर्षं आम्ही दोघींनी ते असं निभावलं.

बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. आईची पंचाहत्तरी उलटली, डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून तिची पत्रं मी वाचते. गेल्या वर्षी कबरस्तानाच्या कचेरीचं पत्र आलं. इथं कबरसुद्धा मुदतीची असते, मुदत संपली की जागा मोकळी करायची. बाबांनी दोनदा वाढवून घेतली होती. आता तो तुकडाच नव्यानं आखणार होते, वाढवायची सोय नव्हती. दगड हवा असेल तर घेऊन जा, नाहीतर आम्ही काढू, असं पत्र. मी ते मनात वाचलं आणि टेबलावर ठेवलं. आईला कागदाच्या रंगावरूनच कळलं.

“इरू, बस जरा,” ती म्हणाली. “तुला एक सांगायचं राहून गेलंय.”

“मला माहीत आहे, आई.”

“बाबांनी सांगितलं?”

“नाही. मी दगड वाचला होता. फ्राउ हेर्मानबरोबर जायचे ना, तेव्हा.”

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मला दिसत होतं, ती कुठपर्यंत पोचणार आहे. मी थांबवायला हवं होतं. “म्हणजे कोर्टाच्या आधी,” ती म्हणाली. “तुला माहीत होतं? आणि तरी तू तिचं नाव घेतलंस?” तिचा चेहरा उजळला होता. तिला वाटलं, नऊ वर्षांच्या पोरीनं तिचं दुःख ओळखलं आणि आपणहून तिची मुलगी झाली. गोष्ट होती त्याहून सुंदर होत होती.

आणि मला ते सहन झालं नाही. का, ते विचारू नका. चाळिशीच्या बाईला अक्कल असायला हवी, पण मी बोलून गेले. “मला वाटलं, तो माझाच दगड आहे. माझी तारीख लिहायची राहिलीय. कौशी म्हणाले असते तर तुम्ही परत पाठवलं असतंत. म्हणून म्हटलं, इथं मरू.”

आई रडली नाही. तिनं टेबलावरचं पत्र हातानं सरळ केलं, परत परत सरळ केलं. मग उठून आत गेली. मी तिच्या दाराबाहेर उभी राहून, “आई, अगं, लहान होते मी, मूर्ख होते,” असं काहीबाही म्हणत राहिले. आतून आवाज आला, “मूर्ख तू नव्हतीस.” एवढंच.

दगड आणायला मी एकटी गेले. फॉर्मवर कबरीचं नाव लिहायचं होतं, इरा गोरे, आणि खाली सही करणारीचं, इरा गोरे. खिडकीतल्या माणसानं दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बरोबर आहे. दगड चारेक विटांच्या वजनाचा असेल, विटांचं वजन मला कळतं. तो आता आईच्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशी आहे. वाळेही मी त्याच्याजवळ एका वाटीत ठेवलेत. ज्याचे त्याच्याकडे. त्या दिवसापासून आई मला नावानं हाक मारेनाशी झाली. ‘अगं’ म्हणायची, ‘ऐक’ म्हणायची. गणपतीला पाहुणे आले, पण गोष्ट सांगितली नाही. त्यांच्यातल्या एका नव्या सुनेनं “काकू, ती कोर्टाची गोष्ट सांगा ना,” म्हटलं, तर आई चहा टाकायला उठली.

मागच्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडत होते, खिडकी उघडी होती, खाली कुणीतरी जिना झाडत होतं. मागच्या खोलीतून आईचा आवाज आला, कुणाला तरी बोलावत असल्यासारखा. मला वाटलं, फोनवर आहे. मी कोथिंबीर निवडत राहिले. पुन्हा आवाज आला, जरा मोठा, शेवटचा स्वर लांबवलेला. मी पानं धुवायला घेतली. मग चपला फरफटत आल्या, आणि माझ्या खांद्यावर तिची बोटं टेकली.

“कौशे,” आई म्हणाली. “तुला बोलावतेय गं.”